नाचानें मन हलकें होतें काय?

आपल्या मराठी भाषेनें नाचाला फारशा सन्मानानें वागविलेलें नाहीं. ज्याला काम जमत नाहीं त्याला आपण अंगण वांकडें असल्याचा टोमणा मारतों. दुबळा मनुष्य दुसऱ्याच्या तालावर नाचतो. हट्टी मूल थयथयाट करतें. आणि लाडावलेला नातू डोक्यावर चढून नाचतो. आनंदाच्या भरांत मन मोरासारखें नाचतें असें आपण म्हणतों खरें, पण तेथें नाचतें तें मन. अंग खुर्चींतच बसून असतें. सुशिक्षित घरांतून तर ही वाटणी फारच पक्की झालेली आहे. गाणें शिकावें, पेटी शिकावी, स्तोत्रें पाठ करावींत. नाच मात्र मुलीनें लग्नापर्यंत, आणि तोही परीक्षेचें प्रमाणपत्र हातीं पडेपर्यंत. अशा घरांत कोणी येऊन सांगूं लागला कीं शोक, भीति, खिन्नता यांवर नाच हा एक उपाय आहे, तर ऐकणाऱ्यांच्या मुद्रेवर काय उमटेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. तरीहि हा विषय आम्ही मुद्दाम घेत आहों, कारण गेल्या कांहीं वर्षांत तो आमच्या वाशीच्या घराघरांतून दबक्या आवाजांत बोलला जाऊं लागला आहे.

या उपायास पाश्चात्य देशांत ‘डान्स मूव्हमेंट थेरपी’ म्हणतात. आम्ही त्यास नृत्योपचार म्हणूं. नांवांत नृत्य असलें तरी येथें पावलें घोटून घेतलीं जात नाहींत, प्रयोग बसविला जात नाहीं, आणि प्रेक्षक तर नसतातच. ज्याचें मन शब्दांच्या वाटेनें मोकळें होत नाहीं त्याच्या शरीराशीं आधीं बोलणें सुरू करावयाचें, आणि शरीर हललें म्हणजे मन हलतें काय तें धीरानें पाहावयाचें, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. अमेरिकेंत मेरिअन चेस नांवाच्या नर्तकीनें १९४२ सालीं वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयांत हें काम आरंभिलें. महायुद्ध चालू होतें. रणांगणावरून परतलेले आणि बोलणें टाकलेले सैनिक तेथें होते. मनोविकारांवरील आजचीं औषधें तेव्हां निघालीं नव्हतीं. चेसबाईंची रीत अशी कीं समोरच्या रोग्याच्या हालचालींतील लय आपण उचलावयाची. तो खुर्चींत बसून पुढेंमागें झुलत असला तर आपणहि तसेंच झुलावयाचें, मग हळूच त्यांत थोडा बदल करावयाचा, आणि तो बदल त्यानें उचलला कीं संभाषणास प्रारंभ झाला असें समजावयाचें. १९६६ सालीं अमेरिकन नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली, तेव्हां त्याच तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळामास्तरांस ही युक्ति अगदींच परकी वाटूं नये. वर्गांत अडखळत बोलणारा मुलगा तीच वाक्यें चालीवर म्हणूं लागला कीं सरळ म्हणतो, हें आम्ही तीस वर्षें पाहत आलों. ताल हा जिभेला हात देतो. पायांनाहि देत असला पाहिजे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत, नाट्याचा उपयोग कोणास, हें सांगतांना दुःखानें पीडलेले, श्रमानें थकलेले आणि शोकानें ग्रासलेले यांचा आवर्जून उल्लेख केला आहे; अशांस नाट्य विसांवा देईल असें ते म्हणतात. चौथ्या अध्यायांत तर ऋषींनींच शंका काढली आहे: नृत्त गीताचा अर्थ सांगत नाहीं, मग तें उत्पन्न केलें तरी कशासाठीं? यावर भरतांचें उत्तर मोठें मासलेवाईक आहे. नृत्ताला अर्थाची अपेक्षाच नाहीं. तें शोभा आणतें, आणि बहुतेक सर्व लोकांना तें स्वभावतःच आवडतें. म्हणून विवाह, अपत्यजन्म अशा प्रसंगीं लोक नाचतात. पुढें दशरूपककार धनंजयानें ताल व लय यांच्या आश्रयानें राहतें तें नृत्त, आणि भावाच्या आश्रयानें राहतें तें नृत्य, असा भेद स्पष्ट केला. नृत्योपचार या दोहोंच्या सीमेवर चालतो असें आम्हांस वाटतें. आरंभ अर्थहीन तालानें होतो, आणि भाव कोठून तरी मागाहून येतो. येथें एक गोष्ट सांगून टाकतों. भरतांनीं हा उपचार दोन हजार वर्षांपूर्वींच शोधून काढला होता असा टेंभा मिरविण्याचें कांहीं कारण नाहीं. विसांवा देणें निराळें आणि व्याधीवर उपचार करणें निराळें.

पण शरीर व मन यांची गांठ आपल्या शास्त्रकारांनीं किती बारकाईनें पाहिली होती, हें मात्र विसरतां कामा नये. पतंजलींनीं योगसूत्रांच्या पहिल्या पादांत दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची विस्कट हीं चारी एकाच पंक्तीस बसविलीं आहेत. चित्त विखुरलें कीं हीं सोबत येतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सातव्या अध्यायीं अडवूं नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान, जांभई, निद्रा यांच्या जोडीला आंसूंहि आहेत. आंसू अडविल्यानें पडसें, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि आणि भोंवळ येते असें चरक म्हणतात. गंमत अशी कीं त्याच अध्यायांत, जे वेग मनुष्यानें आवरावे, त्यांत शोकाचें नांव आहे. शोक आवरावा, आंसू आवरूं नयेत! आपल्या घरांत नेमकें उलट चालतें. आंसू आवरण्याचें शिक्षण लहानपणापासून मिळतें आणि शोक आंत मोकाट फिरत राहतो. आंसू अडल्यावर उपाय म्हणून चरकांनीं झोप, मद्य आणि आवडत्या गोष्टी ऐकणें हीं सुचविलीं आहेत. पैकीं मधला उपाय आम्ही आमच्या वाचकांपुरता वगळतों.

मराठी मुलुखांत या विचाराचें ठळक उदाहरण पहावयाचें तर पुण्यास जावें लागेल. तेथें कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांचें व त्यांच्या घरच्यांचें पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. कथक शिकलेले आणि जर्मनींतील ड्रेस्डेन येथील पालुका विद्यालयांत आधुनिक नृत्याचें शिक्षण घेतलेले हृषीकेश पवार यांनीं २०१० च्या सुमारास अशा रुग्णांसाठीं नृत्याचा वर्ग सुरू केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनें २००१ मध्यें असाच वर्ग काढला होता. काटेकोर बोलावयाचें तर हा नृत्याचा वर्ग होय, मानसोपचार नव्हे. पण मनाशीं त्याचा संबंध किती जवळचा आहे तें पहा.

या विकारांत मेंदूंतील डोपामीन नांवाचें द्रव्य कमी पडतें. त्यामुळें ज्या हालचाली आपण विचार न करितां करतों, जसें चालतांना हात हलविणें, वळणें, उठणें, त्या आपोआप होईनाशा होतात. दाराच्या उंबऱ्याशीं येऊन पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. आणि तोच मनुष्य, जमिनीवर खडूच्या रेघा आंखल्या अथवा कोणी ठेका धरला, तर रेघेगणिक आणि ठेक्यागणिक पाऊल टाकतो. मेंदूचा आंतला ताल हरपला असतां बाहेरचा ताल त्याच्या कामीं येतो, असें याचें स्पष्टीकरण देतात. परंतु या रोगाचें खरें ओझें कंपापेक्षां लज्जेचें असतें. चेहऱ्याचे स्नायु ताठरल्यामुळें मुद्रा निर्विकार होते, आणि घरच्यांना वाटतें कीं यांना आतां कशाचेंच कांहीं वाटत नाहीं. हात कांपतो म्हणून गृहस्थ पंक्तीस बसण्याचें टाळतात, मग लग्नमुंजीस जाणें टाळतात, मग दिवाणखान्यांत येणें टाळतात. अशा माणसानें इतर दहा कांपणाऱ्या हातांच्या मंडळींत उभें राहून तोच हात सर्वांच्या देखत वर उचलावयाचा! औषधानें जें होत नाहीं असें कांहीं तेथें होत असलें पाहिजे. रोग बरा होत नाहीं, हें उघड आहे. तसा दावाहि कोणी करूं नये.

याहून निराळें आणि अधिक करुण असें काम कलकत्त्यास झालें. सोहिनी चक्रवर्ती यांनीं २००४ मध्यें स्थापन केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था शरीरविक्रयाच्या बाजारांतून सोडविलेल्या मुलींसाठीं नृत्योपचार वापरते. ज्या शरीरावर अन्याय झाला तें शरीर पुन्हां आपलें वाटावें, हा तेथील हेतु. तें व्याख्यानानें कसें साधणार? याच संस्थेच्या सहकार्यानें मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें नृत्योपचाराचा अभ्यासक्रम सुरू केला. १९३६ सालीं निघालेली ही संस्था देवनारला आहे. वाशीहून खाडीपूल ओलांडला कीं मानखुर्द आणि त्याच्या लगत देवनार. इतक्या जवळ ही विद्या आली, म्हणून आमच्या गांवांत तिची चर्चा पोंचली.

वाशीला ‘गांव’ म्हणणें नव्या पिढीस विचित्र वाटेल. पण वाशीगांव, जुहूगांव, कोपरी हीं आगरी-कोळ्यांचीं गांवें सिडकोच्या आधींपासून येथें आहेत. तेथें हळदीच्या रात्रीं आजीपासून नातवापर्यंत सगळें घर नाचतें, आणि त्यासाठीं कोणाला प्रमाणपत्र लागत नाहीं. आम्ही मंडळी मागाहून आलों. १९७३ मध्यें खाडीवर पूल झाला, १९९२ मध्यें रेल्वे आली, आणि गिरगांव-दादरच्या चाळींतून उठून आपलीं बिऱ्हाडें येथल्या सेक्टरांतून लागलीं. हवा मिळाली, उजेड मिळाला, पाणी मिळालें. एक गेलें तें चाळीचें गॅलरीवजा अंगण. चाळींत कोणाच्या घरीं मृत्यु झाला तर सबंध मजल्याला तेरा दिवस तो पाळावा लागे. रडणारीला कोणी एकटें सोडीत नसे. सदनिकेचें दार मात्र एकदां लागलें कीं आंतला शोक आंतच राहतो.

त्यांत २०२० आणि २०२१ हीं वर्षें आलीं. वाशी स्थानकानजीकच्या सिडको प्रदर्शन केंद्राचें कोविड रुग्णालय झालें. माणसें रुग्णवाहिकेंतून गेलीं, आणि कित्येकांचें अंत्यदर्शनहि घरच्यांस घडलें नाहीं. दहावें, तेरावें हे विधि चार माणसांत उरकले गेले. विधींवर विश्वास असो वा नसो, शोकाला बाहेर पडण्यासाठीं बांधून दिलेला तो घाट होता, आणि तोच त्या काळीं बंद होता.

आमच्या शेजारच्या इमारतींत एक एकत्र कुटुंब समोरासमोरच्या दोन सदनिकांतून राहतें. त्या घरांतील थोरला मुलगा एप्रिल २०२१ मध्यें गेला. त्याची पत्नी त्या वेळीं रडली नाहीं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीची परीक्षा, धाकटे दीर-जाऊ दोघेहि तापानें फणफणलेले. तिनें पदर खोंचला आणि तीन वर्षें तो सोडला नाहीं. पुढें तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. छायाचित्रें काढलीं, शेक झाले, व्यायाम झाले. थोडा फरक पडला आणि थांबला. झोप नव्हती. बोलणें कामापुरतें. २०२४ मध्यें मुलीनें कोठून तरी चौकशी करून आणली कीं या विषयाचें रीतसर शिक्षण घेतलेल्या एक बाई दर शनिवारीं जवळच्या सभागृहांत आठ-दहा स्त्रियांचा वर्ग घेतात. घरांत वादळ उठलें. सासूबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें.

“मास्तर, तुम्ही शिकलेले, संस्कृत जाणणारे. तुम्हीच सांगा. नवरा जाऊन तीन वर्षें झालीं नाहींत तों आमच्या घरची सून नाचायला जाणार?”

“काकू, तुम्ही पुण्याहून सासवडपर्यंत वारीबरोबर चाललां होतां ना? दिवेघाट चढून गेल्यावर फुगडी घातलीत, असें तुम्हीच सांगत होतां.”

“ती देवाची गोष्ट.”

आम्ही यावर कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, “मी येतें बरोबर. काय करतात तें बघूं तर दे.”

त्या गेल्या आणि भिंतीशीं खुर्ची टाकून बसल्या. नंतर जें त्यांनीं सांगितलें तें असें. पहिला अर्धा तास कोणी नाचलेंच नाहीं. सगळ्या गोल उभ्या राहिल्या. श्वास घेतला, तळपाय जमिनीवर दाबले, खांदे सोडले. मग बाईंनीं सांगितलें कीं घरांत रोज करतां असें एक काम हातांनीं करून दाखवा. एकीनें दाखवावें आणि बाकीच्यांनीं तिचें पाहून करावें. कोणी केर काढला, कोणी ताक घुसळलें. सून पोळी लाटूं लागली. दहा बायका तिच्याबरोबर पोळ्या लाटूं लागल्या. लाटतां लाटतां तिची गति मंदावली, हात थांबले, आणि मग उजवा हात हळूहळू वर गेला. फाटकाशीं उभें राहून जाणाऱ्याला करावा तसा. रुग्णवाहिकेंत तिला बसूं दिलें नव्हतें. समोरच्या दहाहि जणींचे हात वर गेले. कोणी कांहीं विचारलें नाहीं. ती खालीं बसली आणि रडली, आणि बाकीच्या तिच्याभोंवतीं बसून राहिल्या.

“मास्तर, तो नाच नव्हता हो,” काकू म्हणाल्या.

“मग काय होतें?”

“तें मला नाहीं सांगतां यायचें. पण घरीं आल्यावर ती पानावर बसली आणि पोटभर जेवली.”

खांदा त्या दिवशीं सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. फळीवरचा डबा तिला अजून मुलगीच काढून देते. पण झोप लागूं लागली आहे, आणि मुख्य म्हणजे गेलेल्याचें नांव घरांत पुन्हां उच्चारलें जाऊं लागलें आहे.

एका घरची हकीकत म्हणजे सिद्धांत नव्हे. २०१५ सालीं कॉक्रन या वैद्यकीय परीक्षण करणाऱ्या संस्थेनें खिन्नतेवरील नृत्योपचाराचा आढावा घेतला, तेव्हां कसोटीस उतरणारे प्रयोग तीनच निघाले आणि त्यांत माणसें होतीं १४७. यावरून गुण येतो असेंहि म्हणवत नाहीं आणि येत नाहीं असेंहि म्हणवत नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. २०१९ मध्यें ४१ अभ्यासांचा, २,३७४ माणसांचा दुसरा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत खिन्नता व चिंता कमी होतात असें दिसलें. तेव्हां आशा धरण्यास जागा आहे, पण चालू औषध बंद करण्यास नाहीं. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी बोलूं लागला, किंवा भ्रम होऊं लागले, तर त्यानें प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडेच जावें. गुडघे, हृदय, रक्तदाब यांची कल्पना वर्ग घेणाऱ्यास आधीं द्यावी. खुर्चींत बसूनहि हें सारें करतां येतें. आणि वर्ग घेणाऱ्याचें शिक्षण निःसंकोचपणें विचारावें. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या अनुसूचींत नृत्य व हालचाल यांच्या उपचारकांचें नांव आहे. म्हणजे हा व्यवसाय ज्याला येईल त्यानें पाटी लावून करावयाचा नव्हे. लग्नाच्या संगीतासाठीं नाच बसवून देणारा तरुण कितीहि गुणी असला तरी तो या कामाचा नव्हे. जो पहिल्याच दिवशीं रडविण्याची हमी देतो त्याच्यापासून तर दूरच राहावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें एवढें लिहिलें ती. आपल्या घरांत स्त्रियांच्या शरीराला आणि मनाला एकाच वेळीं मोकळें करणारा एक प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो म्हणजे श्रावणांतील मंगळागौर. सकाळीं पूजा, आणि रात्रभर फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या. सासरीं नव्यानें आलेल्या पोरीच्या मनांत जें दाटलेलें असेल तें त्या जागरणांत घामावाटे आणि हंसण्यावाटे बाहेर पडे. त्या काळच्या घरांत दुसरी कोणती जागा तिला होती? परंतु ज्या स्त्रीला अशा मोकळेपणाची सर्वांत अधिक गरज, तिलाच आपण त्या गोलाबाहेर बसविलें. नवरा गेला कीं तिनें स्वयंपाकघर सांभाळावें, आल्यागेल्यांची पानें वाढावीं, आणि खेळ सुरू झाले कीं मागच्या खोलींत निजावें. आपण शिकलेले लोक हें आतां तोंडानें सांगत नाहीं. फक्त तिला बोलावीत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या खेड्याच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनें त्याच महिन्यांत इतर गांवांनीं तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. ग्रामपंचायतीचा ठराव आमच्या सहकारी गृहसंस्थांस लागू नाहीं, आणि मंगळागौरीचें आमंत्रण कोणास द्यावें हें सरकार ठरवीत नाहीं. तें घरांतील वडील बायका ठरवितात. शनिवारच्या वर्गास परक्या दहाजणींत उभें राहण्यासाठीं जिला पैसे भरून जावें लागतें, तिच्यासाठीं स्वतःच्या दिवाणखान्यांत जागा होत नाहीं, हें कोणत्या शास्त्रांत बसतें तें आम्हांस कोणी दाखवून द्यावें.

त्या शेजारच्या घरीं धाकट्या दिराचें सुनमुख नुकतेंच झालें, आणि येत्या श्रावणांत नव्या सुनेची पहिली मंगळागौर आहे. परवां याद्या चालल्या होत्या. धाकट्या जाऊबाईंनीं नांवें वाचून दाखविलीं, सतरा झालीं, आणि त्या थांबल्या. काकू चष्मा पुशीत होत्या. त्या मान वर न करितां म्हणाल्या, “थोरलीचें राहिलें. पिंगा तिच्याइतका कोणाला येत नाहीं; पोरींना शिकवायला तीच लागेल. आणि हातवर करायचे असतील ते खेळ जरा मागाहून घ्या.”